अर्धा गाळाचा

सूरच्या पाणी-कारखान्यात, रात्रपाळीच्या खोलीत
एकाच यंत्रावर पायथॉनच्या चार आवृत्त्या आहेत.
एका हाकेला चौघीही ओ देतात,
म्हणून आधी विचारावं लागतं:
बाई, तू कुठली?

दोन पॉइंट सात थोरली. तिच्या माहेरून
आता कुणी येत नाही, दुरुस्त्या कधीच थांबल्या,
तरी टाक्यांची पातळी अजून तीच मोजते.
तीन पॉइंट सहा खारटपणाचे आलेख काढते.
तीन पॉइंट अकरा माझी, मी आणलेली.
चौथी यंत्राची स्वतःची.
तिला हात लावायचा नाही.

हे पहिल्या महिन्यात ठाऊक नव्हतं.
परभणीच्या हातांना पसारा सोसत नाही.
एका शुक्रवारी ही कशाला, ती कशाला, म्हणत
चौथीलाही काढून मोकळी झाले.
पंखा फिरत राहिला, दिवा लागलेला,
पण पडद्यावर एक खिडकी उघडेना.
खलफान अल-अरैमी मागे उभा. बोलला काहीच नाही,
फक्त खजुराची बशी माझ्याकडे सरकवली,
दुखवट्याच्या घरी सरकवतात तशी.

तेव्हापासून प्रत्येक फोल्डरच्या उंबऱ्यावर
एक चिठ्ठी लपवून ठेवते, एका ओळीची:
इथे अमकी.
आत पाऊल टाकलं की आवृत्ती बदलते,
बाहेर पडलं की पूर्वीची.
हे फक्त यंत्राला जमतं.
परवा आईनं फोनवर विचारलं, जेवलीस का,
आणि मी म्हणाले, खलास.
पलीकडे बराच वेळ नुसता टीव्ही ऐकू येत होता.

थोरलीचा कोड मुश्ताक परकारचा.
माणूस दाभोळचा, अकरा वर्षं इथे, मग परत.
आमची गाठ पडलेली नाही. त्याच्या ओळी भेटतात,
छापायचं तर कंस न घालता थेट छापणाऱ्या.
टिपा मराठीत, पण इंग्रजी अक्षरांत,
कारण देवनागरी दिसली की थोरली बिथरते.
(माझ्या अकराला चालते. एका चलाचं नाव
मी सरळ टाकी ठेवलंय.)

मार्चात मस्कतहून पत्र: तीस तारखेच्या आत जुनी बंद करा.
मी परकारचा कोड उचलून अकराच्या घरात ठेवला,
कंस घातले, चालवला.
चार नंबरची टाकी अर्धा मीटर वर.
पुन्हा चालवला. अर्धा मीटर वर.
पहाटे तीनला, होड्यांचे दिवे
अल-ऐजाच्या दीपस्तंभाकडे सरकत असताना
सापडलं.

सात भागिले दोन.
थोरली म्हणते तीन.
माझी म्हणते साडेतीन.
खोटं कुणीच बोलत नाही.
आणि भागाकाराच्या शेजारी परकार:
ardha galacha. dharu naye.

तोफज्जलला उठवलं. तो लोखंडी सळई घेऊन आला,
लुंगीवरच, वर शिरस्त्राण.
सळई पाण्यातून सरळ गेली, मग हळू,
मग मऊ कशात तरी रुतत थांबली.
बाहेर काढली तेव्हा टोकाला काळा चिखल,
माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत, वर चार बोटं.
आपा, तो म्हणाला, हे तर सगळ्यांना माहीत आहे.

मी भागाकाराला दुसरी तिरकी रेघ दिली,
म्हणजे नवीही बाकी सोडून देते, सांगितलं तर.
टीप उतरवून घेतली, या वेळी देवनागरीत:
अर्धा गाळाचा. धरू नये.
खाली म. परकार, आणि माझं नाव नाही.

तीस तारीख गेली.
थोरली तिच्या फोल्डरात आहे, कुणी हाक मारत नाही.
खलफानला विचारलं, काढू का?
बाकर, म्हणाला तो,
म्हणजे उद्या, म्हणजे कोणता उद्या ते ठरलेलं नाही,
आणि बशीतली शेवटची खजूर
या वेळी त्यानं स्वतः खाल्ली.